राखणाऱ्याची राखण

मोटारीच्या छतातील सरकत्या काचेभोवतीची, म्हणजेच सनरूफभोवतीची रबरी पट्टी पाणी पूर्णपणे अडवते असा समज असला, तरी प्रत्यक्षात ती पावसाचा मोठा भाग बाहेर ठेवते आणि तिच्या कडेने झिरपलेले पाणी चौकटीतील पन्हळीत जमून कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे बाहेर पडते. ही पट्टी बहुधा ईपीडीएम या, ऊन आणि ओझोन वायू दीर्घकाळ सोसणाऱ्या कृत्रिम रबराची असते. तथापि धूळ आणि उष्णता यांमुळे कालांतराने तिची स्थितिस्थापकता, म्हणजे दाबल्यानंतर मूळ आकारात परतण्याचा गुण, क्षीण होत जातो. खनिज तेलापासून बनलेले ग्रीस हे रबर फुगवते, म्हणून सौम्य साबणाच्या पाण्याने पट्टी पुसून, ती कोरडी करून, तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देणे इष्ट ठरते.

जे इतरांचे रक्षण करते त्यालाही निगा लागते, परंतु ते निमूटपणे काम करीत असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मृगाच्या सरी येण्यापूर्वी वाहनधारकांनी पट्टी आणि नळ्या दोन्ही तपासाव्यात. तसेच घरातील आणि समाजातील अशा मूक रक्षकांचीही वेळीच विचारपूस करावी.