काळीसाठी एक फटका

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेरी जोयड्याला आली, माणसं रामनगरला आणि आणखी कुठे कुठे पांगली. १९८७ साली पुरं झालेलं ते धरण १०१ मीटर उंच. आता सुपा म्हटलं की लोकांना धरणच आठवतं. त्याची वीज दूरच्या शहरांत लगेच पोचली. इथल्या रानातल्या कित्येक वाड्यांना मात्र तिची वाट पाहावी लागली.

नायजेरियातल्या नायजर नदीच्या मुखाकडची कविता वाचताना हे सगळं आठवतं. तिथे १९५६ साली ओलोइबिरीला तेल लागलं. तेलाबरोबर येणारा वायू उघड्यावर जाळतात. त्या ज्वाळांच्या शेजारच्या गावांत रात्री धड काळोख होत नाही आणि घरात विजेचा दिवाही नसतो. खाड्यांवर तेलाचा तवंग. याविरुद्ध तिथल्या ओगोनी लोकांच्या वतीने बोलणारे लेखक केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ साथीदारांसह फाशी दिलं गेलं.

त्याच मुलखातले कवी तनुरे ओजाइदे. त्यांच्या उर्होबो समाजात उद्जे नावाचा गाण्यानाचाचा प्रकार आहे. एका आळीने दुसऱ्या आळीतल्या माणसाचं वागणं गाण्यात बांधायचं आणि चारचौघांत म्हणायचं. ज्याच्यावर गाणं, त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. ओजाइदे यांनी हा रोख तेलकंपन्या आणि सत्ताधाऱ्यांकडे वळवला. ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ असले कचेरीतले शब्द अशा गाण्यात टिकत नाहीत. गेलेल्या गोष्टी नावानिशी येतात, मग नेणाऱ्यालाही नावानिशी विचारता येतं.

आपल्या कवितेत नदी आली की बहुधा आई होते, नाहीतर हुंदका. मला हे फार सोयीचं वाटतं. हुंदक्याला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही! वास्तविक शाहीर अनंत फंदींचा फटका हा काव्यप्रकार आपल्याच घरचा. तो समोर माणूस उभा करून बोलतो.

काळीचा फटका लिहिणाऱ्याने सुप्याच्या बुडालेल्या घरांपासून सुरुवात करावी. मग दांडेलीच्या कारखान्यांचं सांडपाणी, कोडसळ्ळी आणि कद्र्याची धरणं, कैगाच्या अणुभट्ट्या असं करत कारवारच्या समुद्रापर्यंत उतरावं. एक कडवं वीज वापरणाऱ्यांवरही लागेल, आणि लिहिणाऱ्याला त्यातून स्वतःला वगळता येणार नाही.