मिठाचे चार खडे

शिरोड्यात मिठाविषयी कोणी हलके बोलत नाही. 1930 च्या मे महिन्यात याच मिठागरांत मूठभर मिठासाठी माणसांनी कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. शिवाय आमच्याकडे कोणी आजारी पडले की पहिले पथ्य ठरलेले : उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यात मिठाचे चार खडे. म्हणूनच गेल्या दिवाळीत घरी आलेला माझा एक डॉक्टर मित्र जेव्हा म्हणाला, "अरे, हाडांची काडी झालेल्या पोराला पहिल्याच दिवशी ही तुझी खारट पेज पोटभर पाजलीस, तर ते दगावेलसुद्धा," तेव्हा मला ते शिवीसारखे लागले.

मित्राने उमेदीची वर्षे मेळघाटात काढली आहेत. 1993 साली जिथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला खाली मान घालायला लावली, त्याच मेळघाटात. त्याने मग समजावून सांगितले. फार दिवस उपासमार झाली की शरीर आपला संसार आवरते घेते. हृदय, मूत्रपिंडे, आतडी, सारी अर्ध्या ताकदीने चालतात. पेशींतले पोटॅशियम गळून गेलेले असते आणि सोडियम, म्हणजे आपले मीठच, आत साचलेले असते. अशा मुलाला नेहमीचे सलाइन भराभर चढवले, तर दुबळे हृदय त्या भाराखाली बसते. एकदम पोटभर अन्न दिले, तर रक्तातली उरलीसुरली क्षारद्रव्ये पेशींत ओढली जातात आणि तेच संकट ओढवते. 1945 साली जर्मन छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसे, सुटका करणाऱ्यांनी प्रेमाने दिलेले अन्न खाऊन मेली.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराला शिस्त घालून दिली आहे. आरंभी 100 मिलिलिटरला 75 कॅलरींचे पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सहा किलोच्या मुलाच्या वाट्याला दर दोन तासांनी जेमतेम 65 मिलिलिटर येते. मुलाला उबेत ठेवायचे. ताप नसला तरी संसर्ग आहेच असे धरून औषध द्यायचे, कारण या मुलांच्या अंगात ताप येण्याचेही त्राण नसते. मूल पांढरेफटक दिसले तरी लोह लगेच द्यायचे नाही. भूक परतली की मग अधिक कसाचे दूध, आणि तेही बेताबेताने वाढवत.

शास्त्र म्हणून हे मला पटले. पण रात्री तीन वाजता भूक परतलेले मूल रडत असते, आई हात पुढे करते, आणि परिचारिका म्हणते, "आता दोन तासांनी." ही आई कोरकू बोलणारी, परिचारिका मराठी. उपाशी लेकराला दवाखान्यात आणले तर इथेही दूध मोजून! मी त्या आईच्या जागी असतो, तर विश्वास ठेवला असता का? खरे सांगायचे तर, नाही. अन्नदानाचे पुण्य आपण ताटाच्या आकाराने मोजत आलो. हात आखडता घेणे हीसुद्धा माया असू शकते, हे मानायला समोरच्या माणसाची आधीची ओळख लागते, आणि या आयांची सरकारी इमारतींशी ओळख कसली असते?

मित्राच्या वॉर्डातून अशी एक बाई पाचव्या दिवशी मूल उचलून निघाली. उपचार निदान पंधरवड्याचा. बुडीत मजुरी मिळते, हे त्याने तिला सांगितले. मग तो चिडला, 'अडाणी' म्हणाला. (हा शब्द आपण शिकलेले लोक फार स्वस्तात वापरतो.) ती शांतपणे म्हणाली, "घरी याच्याहून धाकटी आहे. तिला कोण पाजेल?"

तिला अडवण्याचा त्याला अधिकार होता काय? एका मुलासाठी दुसरे उपाशी ठेव, असे आईला सांगण्याचा अधिकार कुठल्या शास्त्राने दिला? आणि जाऊ दिले, तर त्या मुलाचे काय? मी म्हटले, "धाकटीलाही घेऊन ये म्हणायचे होतेस." मित्र म्हणाला, "म्हटले. पण दुसऱ्या दिवशी सुचले."

फराळाच्या ताटातली चकली त्याने तशीच ठेवली होती. माझ्या बायकोने सवयीने आणखी दोन वाढल्या.