दोघांचा आदम

यूट्यूबवर 'बायबल आणि कुराण' एवढं टाकलं की वादांचे व्हिडिओ संपता संपत नाहीत. मुसलमान वक्ता विचारतो, तुमच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशानं झाली? ख्रिस्ती वक्ता उलट विचारतो, तुमच्या कुराणात झुलकरनैनला सूर्य गढूळ झऱ्यात मावळताना दिसतो, ते कुठल्या विज्ञानात बसतं? टाळ्या. पुढचा मुद्दा.

मी ख्रिस्ती आहे, वाशिमच्या नाझरीन मंडळीत वाढलोय आणि पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. या वादांमध्ये मला जे खटकतं ते धर्माच्या आधी टेस्टिंगचं आहे. समोरच्याचं वचन शब्दशः घ्यायचं, आपलं मात्र रूपक म्हणून घ्यायचं. त्याच्या पुस्तकाला विज्ञानाची कसोटी, आपल्या पुस्तकाला 'संदर्भ लक्षात घ्या'. आमच्या कामात एखाद्यानं दुसऱ्याच्या मॉड्यूलवर दोनशे टेस्ट चालवल्या आणि स्वतःच्या मॉड्यूलला हातच लावला नाही, तर त्याच्या रिपोर्टला कुणी विचारत नाही. धर्माच्या वादात असाच रिपोर्ट स्टेजवर वाचला जातो.

ही खोड इंटरनेटनं लावलेली नाही. ज्यांच्या नावानं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८३० च्या दशकातच ब्राह्मण, पारशी आणि मुसलमान विद्वानांशी छापील वाद घालत होते. पण खरा नमुना बघायचा तर एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला जावं लागतं. एका बाजूला जर्मन मिशनरी कार्ल फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्या मदतीला डॉक्टर वझीर खान. वझीर खानांनी युरोपातल्या बायबल-अभ्यासकांची पुस्तकं मिळवून वाचली होती. बायबलच्या जुन्या हस्तलिखितांमध्ये पाठभेद आहेत, हे युरोपातल्याच विद्वानांनी लिहून ठेवलेलं त्यांनी फांडरसमोर मांडलं. फांडर यांची तयारी नव्हती. पाठभेद आहेत हे त्यांना भर सभेत मान्य करावं लागलं. मौलाना जिंकले, असंच तेव्हा बहुतेकांना वाटलं, आणि ख्रिस्ती असूनही मला ते बरोबर वाटतं. गंमत एवढीच की ती चिकित्सेची पद्धत कुठल्याही जुन्या ग्रंथाला लागू होते, आणि त्या सभेत ती एकाच ग्रंथाला लागू झाली. फांडर यांनीही आयुष्यभर कुराणाच्या बाबतीत तेच केलं होतं. पुढं एप्रिल २००० मध्ये शिकागोत मुंबईचे डॉ. झाकीर नाईक आणि अमेरिकन डॉक्टर विल्यम कॅम्पबेल यांचा जाहीर वाद झाला. विषयच होता 'विज्ञानाच्या प्रकाशात कुराण आणि बायबल'. दोघंही पेशानं डॉक्टर. प्रत्येकाचा प्रकाशझोत समोरच्याच्या पुस्तकावर.

आता एकच कसोटी दोघांना लावून बघू. त्यासाठी आदम बरा, कारण तो दोघांचा आहे.

वाशिम जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो, मुसलमान शेजारी शोधावा लागत नाही. मंगरूळपीरच्या नावातच पीर आहे. तिथल्या दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. आमचा वाशिमातला मोठा ठसा म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, १९३० च्या दशकात नाझरीन मिशनच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी उभं केलेलं. दर्गा आणि मिशनचा दवाखाना, दोन्ही ठिकाणी आत जाताना धर्म विचारत नाहीत. आणि दोन्हींमागच्या धर्मांत माणसाची गोष्ट मातीपासून सुरू होते. देव माती घेतो, माणूस घडवतो, त्यात श्वास घालतो. आपण सहज 'आदमी' म्हणतो तोही याच आदमचा. मराठीला तर ही गोष्ट ४०० वर्षांपासून ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात बसून जवळपास ११ हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं, आणि त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती आणि आदम-एवा येतात.

जीवशास्त्र काय सांगतं तेही सरळ मांडतो. माणसात ४६ गुणसूत्रं, चिंपांझी-गोरिलात ४८. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडली जाऊन बनलंय आणि जोडाची खूण त्यावर अजून दिसते. आजच्या माणसांमधली जनुकीय विविधता काही हजार वर्षांपूर्वीच्या फक्त एका जोडप्यापासून येऊ शकत नाही. हे मी मानतो. ह्यूमन जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्सही मानतात आणि ते श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. (डार्विनची अडचण फक्त आम्हा दोघांनाच होते असंही नाही. २०१८ मध्ये औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या निमित्तानं एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच डार्विनला चूक ठरवलं होतं.)

म्हणजे टेस्ट दोघांचीही फेल. पण एरर वेगवेगळ्या ओळीवर येतो.

माझ्या हॉस्टेलच्या रूममेटकडून मला हे नीट कळलं. तो मंगरूळपीरचा. त्याचं म्हणणं, तुमच्यासारखं वारशानं आलेलं पाप आमच्यात नाही. आदमनं चूक केली, तौबा केली, अल्लानं माफ केलं, विषय संपला. त्यामुळं 'आदमच नव्हता तर पापाचं काय' हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याला अडतं ते दुसरीकडे. कुराण ईसांची तुलना आदमशी करतं: दोघंही देवाच्या 'हो' या आज्ञेनं झाले. आदमला आईबाप होते असं म्हटलं तर ती तुलना ढिली पडते.

आमचं उलट. मातीतून थेट की लाखो वर्षांच्या वळणावळणानं, याचा मला फारसा त्रास नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, प्राणी आणि मग माणूस. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस. ज्यानं ही दोन पानं शेजारी ठेवली त्याला वेळापत्रक द्यायचं नव्हतं, हे उघड आहे. मला दुखतं ते पौलाच्या रोमकरांस पत्रात. एका माणसामुळं पाप आणि मरण जगात आलं, एका माणसामुळं कृपा आली, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्यातला पहिला माणूस काढला तर दुसऱ्याच्या क्रुसाचं कारण हलतं. पाप आहे हे पटायला मला आदम लागत नाही, आठवडाभराचा पेपर पुरतो. पण ते सगळ्यांमध्ये का, कुणीच का सुटत नाही, हे सांगायला पौलाला आदम लागला होता. 'आदम म्हणजे प्रत्येक माणूस' हे उत्तर मी स्वतःला देतो. ते अर्धं भरतं.

ही जागा मी रूममेटला दाखवली, त्यानं त्याची मला दाखवली. आमच्यातलं धर्माविषयीचं पहिलं खरं बोलणं ते. आधीची चार वर्षं आम्ही एकमेकांना फक्त लिंक पाठवत होतो.

अलीकडं या प्रश्नावर एक तोडगा निघालाय, आणि तो दोन्हीकडून स्वतंत्रपणे निघाला हे मला भारी वाटतं. मुस्लिम अभ्यासक डेव्हिड सॉलोमन जलाजेल आणि भारतीय वंशाचे ख्रिस्ती संगणकीय जीवशास्त्रज्ञ जोशुआ स्वामिदास, दोघं साधारण म्हणतात की इतर माणसं उत्क्रांतीनं आली, आदम वेगळा घडवला गेला आणि त्याची संतती त्यांच्यात मिसळली. हिशोब सोपा आहे. तुमचे आईबाप २, आजीआजोबा ४, मग ८. तीस पिढ्या मागं गेलात की झाडावर १०७ कोटी जागा होतात, आणि तेव्हा जगात एवढी माणसंच नव्हती. म्हणजे तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, आणि पुरेसं मागं गेलं की एकच माणूस सगळ्यांचा पूर्वज निघू शकतो, त्याचा डीएनए कुणात उरला नसला तरी. गणित मला पटतं. तोडगा मात्र जरा जास्तच फिट बसतो. जो आदम कुठल्याच पुराव्यात सापडणार नाही, तो खोटाही ठरणार नाही. असा कोड मी रिव्ह्यूमध्ये पास केला नसता.

त्या झाडाचा भारतातला भाग मात्र मला झोपू देत नाही. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की इथले जनसमूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळत होते. मग मिसळणं जवळपास थांबलं. जातीत लग्न सुरू झालं आणि ते आपल्या जनुकांत कोरलं गेलं. महाराष्ट्रातले बरेच ख्रिस्ती दलित जातींतून आले. जिथं विहीरसुद्धा वेगळी होती, तिथं 'सगळे एकाच आदमचे' ही सृष्टिशास्त्राची माहिती नव्हती, माणूस म्हणून मोजलं जाण्याचा तो पहिला कागद होता. इस्लामचा दावाही हाच: सगळे आदमचे, आणि आदम मातीचा. तरी ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातींत पूर्वीची जात अजून दिसते, आणि मुसलमानांत अशरफ घर बिरादरी बघूनच सोयरीक ठरवतं. एक आदम मानणारे दोन्ही समाज ज्या झाडावर बसलेत, त्याच्या फांद्या एकोणीसशे वर्षं वेगळ्या ठेवायला दोघांनीही हातभार लावलाय.

वाशिमात कुणी ख्रिस्ती-मुस्लिम जाहीर चर्चा ठेवलीच, तर विषय आदम ठेवावा आणि सूर्य चौथ्या दिवशी का झाला ते त्या दिवसापुरतं राहू द्यावं. फक्त दोन्हीकडच्या वक्त्यांनी येताना आपापल्या घरातली शेवटची तीन लग्नं कुठल्या जातीत, कुठल्या बिरादरीत झाली, ते एका कागदावर लिहून आणावं. सुरुवात तिथून करू.