तेरावा अध्याय आणि काळा रंग

ओरखडा काढता येत नाही. गिऱ्हाईक गाडी लावतं आणि म्हणतं, “दादा, एवढे चरे काढून द्या,” तेव्हा मी हो म्हणतो, कारण त्याला काय हवंय ते मला कळतं. पण ओरखडा ही रंगावर चिकटलेली वस्तू नव्हे. तिथे जास्तीचं काहीच नसतं, उलट तिथलं थोडं गेलेलं असतं. रंगाच्या सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, त्यात एक बारीक दरी पडलेली असते. ती दरी भरून येत नाही. तिच्या दोन्ही काठांवर जे उंच उरलंय ते घासून दरीच्या तळापर्यंत खाली आणायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. भोवतालचं सगळं त्या ओरखड्याइतकं नमलं की ओरखडा दिसत नाही आणि चमक येते.

अहिल्यानगरला, आम्हा जुन्यांच्या तोंडी अजून नगरच, सावेडीच्या बाजूला मी गडद रंगाच्या गाड्या हाताने उजळायचं काम करतो. घर वारकऱ्यांचं, त्यामुळे ज्ञानेश्वरी लहानपणापासून कानावर आहे. ती सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावर. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ज्या खांबाला टेकून ज्ञानोबांनी ती सांगितली असं आपण मानतो, तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात आणि माऊली त्यांवर विस्ताराने बोलतात. पहिलं लक्षण अमानित्व, म्हणजे मोठेपणा न मिरवणं. दुसरं अदंभित्व, तिसरं अहिंसा. पुढे शौच, स्थैर्य, आत्मविनिग्रह. काळ्या बोनेटवर वाकून तासन् तास हात फिरवताना ही यादी माझ्या मनात चालू असते, आणि तिच्यासोबत एक प्रश्न. घासून आलेलं तेज हे त्या वस्तूचंच असतं, की ते मिळवताना आपण वस्तूच थोडी थोडी संपवत असतो?

आधी काळ्या रंगाविषयी सांगतो, कारण हा प्रश्न पांढऱ्या गाडीवर पडत नाही. क्लिअर कोट काळ्या गाडीवर असो की पांढऱ्या, समोरून पडलेल्या उजेडातला साधारण 4 टक्के तो आरशासारखा परत पाठवतो. दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो खालच्या रंगामुळे. पांढरा रंग उरलेला बहुतेक उजेड चहूकडे उधळतो आणि त्या झगमगाटात वरचे चरे बुडून जातात. काळा रंग तो उजेड गिळून टाकतो. मग वरच्या थरावर जे आहे तेवढंच दिसतं, चांगलं असेल तर चांगलं आणि वाईट असेल तर वाईट. काळ्या गाडीला चरे जास्त पडतात असं लोक म्हणतात. चरे दोन्ही गाड्यांना सारखेच पडतात, काळी गाडी ते झाकत नाही इतकंच.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. उन्हात काळ्या छतावर सूर्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात. वाटतं, कुणीतरी गोल फडका फिरवलाय. पण आपण दोन पावलं सरकलो की वर्तुळंही आपल्याबरोबर सरकतात. चरे खरं तर सगळ्या दिशांना गेलेले असतात. उजेडाच्या आणि आपल्या डोळ्याच्या मध्ये जे आडवे येतात तेवढेच चमकतात. म्हणून मी गाडी उन्हात फिरून, वाकून, चारही बाजूंनी बघतो, आणि मग सावलीत घेतो, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चटकन वाळतं. दोष उन्हात बघायचे आणि काम सावलीत करायचं. माणसाने स्वतःकडे बघतानाही हाच क्रम ठेवावा असं मला मनापासून वाटतं. एकाच जागी उभं राहून स्वतःचे सगळे दोष दिसत नाहीत, आणि दिसलेल्या दोषांवरचं काम चारचौघांच्या उन्हात होत नाही.

आता अमानित्व. अमृतानुभवात माऊलींनी अज्ञानाच्या खंडनाला एक मोठं प्रकरण दिलंय. जे मुळात वस्तू म्हणून नाहीच, ते घालवणार कसं, असा तो विचार आहे. ओरखड्यापाशी मला तो आठवतो, पण तुलना थोड्याच अंतरापर्यंत चालते. अज्ञान गेल्याने आत्म्याचं काही कमी होत नाही, पत्र्यावरचा थर मात्र खरोखर कमी होतो. आणि नेमकं इथेच मला अमानित्व समजलं. ओरखडा पडलेला भाग खाली गेलाय, त्याला वर आणता येत नाही. बाकीच्याने खाली यायचं. घरात, भावकीत, गावात एखादा दुखावलेला असतो. त्याला समजावून वर उचलायचा आपण प्रयत्न करतो आणि स्वतःची उंची तशीच राखतो, म्हणून सांधा दिसतच राहतो. माझा फोमचा पॅड आणि वाटाण्याएवढे पॉलिशचे तीन-चार ठिपके मला सांगतात की उंच राहिलेल्यानेच झिजायचं असतं.

दुसरं लक्षण अदंभित्व. या धंद्यात दंभाला बाटली मिळते. काही पॉलिशांत तेलं आणि भरण असतं, ते चऱ्यांत जाऊन बसतं. गाडी संध्याकाळी आरशासारखी दिसते आणि चार धुण्यांत पुन्हा होती तशी होते. म्हणून एक भाग घासून झाला की मी त्यावर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसतो. तेल निघून जातं आणि खरी अवस्था उघडी पडते. पुष्कळदा एवढ्या मेहनतीनंतर आलेली चमक डोळ्यांदेखत थोडी उतरते. पण जी उरते ती खरी असते आणि पुढचं काम तिच्यावरच करता येतं.

यावर एक शंका येते, तिचा विचार मी खूप केलाय. मग शेवटी लावतो ते मेण काय? आणि शनिशिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावरच्या काळ्या शिळेवर तेल वाहतात ते काय? ती चमकही वरून घातलेलीच. पण तेल वाहणारा भक्त काही लपवत नसतो. शिळा दगडाची आहे आणि तेल ओघळून जाणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. तो ते देतो आणि पुढे जातो. मेणाचंही तसंच. कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. पान कोरडं पडू नये म्हणून त्या झाडाने ते स्वतःभोवती धरलेलं असतं. साफ केलेल्या, तपासलेल्या रंगावर मेण लावलं तर ते राखण करतं. न तपासलेल्या रंगावर लावलं तर सोंग होतं. मेण तेच असतं, फरक त्याच्याखाली काय आहे यात असतो.

आता अहिंसा, आणि इथे मला जास्त बोलायचंय. तेराव्या अध्यायात माऊली अहिंसेवर फार वेळ थांबतात. पाऊल कसं टाकावं, नजर कशी असावी, शब्द कसा निघावा, हात कसा हलावा, सगळं सांगतात. मारू नये एवढ्यावर त्यांचं समाधान नाही, स्पर्शच हलका हवा. काळ्या रंगाचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा मायाळू हात. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाचे कितीतरी महिने धूळ, दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या, कारखान्याच्या बाजूला गाडी उभी असेल तर चिपाडाची काळी राख. त्या धुळीत बारीक वाळू असते. तिच्यावर कोरडा फडका फिरला की फडका पुसत नाही, वाळू ओढतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे बहुतेक चरे अपघाताचे नसतात, निगा राखण्याच्या हौसेचे असतात.

पूजेचंही तेच. दसऱ्याला बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूची माळ बांधतात, शिंगणापूरहून येताना तेलाचे हात लागतात आणि घोडेगावपासूनची धूळ त्यावर बसते. यात मला काही वावगं वाटत नाही, पूजा करावी. पण दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू खरवडून काढतात तेव्हा चरे उमटतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: आधी भरपूर पाणी मारा, कुंकू भिजू द्या, आपोआप सुटू द्या. मग दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची, एक हातमोजा विसळायची. वरून खाली या. शेवटी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या. बोअरचं जड पाणी वाळू देऊ नका, त्यातले क्षार पांढरे डाग बनून रंगात चावतात.

शौच म्हणाल तर ते हातालाच कळतं. धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला की डोळ्यांना न दिसलेली खरखर बोटांना लागते. ती क्ले बारने, म्हणजे मातीच्या गोळ्यासारख्या मऊ वडीने, भरपूर ओलावा ठेवून, न दाबता उचलायची. क्ले जमिनीवर पडली की टाकून द्यायची, कितीही नवी असो, कारण जमिनीवरचा एखादा खडा तिच्यात शिरला तर साफ करणारी तीच ओरखडे पाडते.

आणि मग झीज. कारखान्यातून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं घेऊन जातं, मशीन जास्त, हात कमी. कडांवर आणि घड्यांवर तो आणखी पातळ असतो, म्हणून तिथे मी चिकटपट्टी लावतो. नख अडकतं असा खोल ओरखडा मी तसाच ठेवतो. त्याच्या तळापर्यंत जायचं तर भोवतीचा सगळा थर गमवावा लागेल. “एवढा राहू द्या,” असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. आत्मविनिग्रहाचा अर्थ मला या वाक्यात सापडतो. आपलं कसब दाखवायची संधी समोर असताना हात मागे घेणं, हा निग्रह.

झिजेचा प्रश्न देवालाही चुकलेला नाही. पंढरपूरला पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं, हात फिरवले, दूध-दह्याचे अभिषेक केले. ती काळी मूर्ती त्या प्रेमाने झिजत गेली. अभिषेकांना आळा घालावा लागला आणि पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून मूर्तीला वज्रलेप करून घ्यावा लागला, 2020 सालीही. काहींना वाटतं, दर्शन दुरूनच असावं. मला ते पटत नाही. स्पर्शाशिवाय वारकऱ्याचा विठोबा नाही. पण ज्याच्यावर आपलं प्रेम आहे ते आपल्या हाताने कमी होतंय हे माहीत असणं, आणि म्हणून हात हलका ठेवणं, हीही भक्तीच आहे. वज्रलेप करणाऱ्याचा हात आणि पायांवर ठेवलेला माथा, दोन्ही मला सारखेच पूज्य वाटतात.

एका कीर्तनकार महाराजांनी गाडी घ्यायला आल्यावर मला विचारलं होतं, “देह नाशवंत, तिथे पत्र्याची काय कथा? एवढा जीव कशाला ओतता?” मी म्हणालो, “महाराज, नाशवंत आहे म्हणूनच जपून हात लावायचा. जे संपणार नाही त्याला जपावं कशाला लागेल?” ते हसले आणि मान डोलावली. माझं आजही तेच म्हणणं आहे. जग नाशवंत आहे हे कळलेला माणूस निष्काळजी होत नाही, तो अधिक हळुवार होतो. तसा झाला नाही तर त्याला ते नुसतं पाठ आहे.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. तेज वस्तूचंच असतं, पण ते फुकट उघडं होत नाही. प्रत्येक वेळी वस्तू स्वतःतलं थोडं देते, आणि तिच्याजवळ देण्यासारखं मोजकंच असतं. म्हणून पॉलिश हा नित्याचा आचार होऊ शकत नाही. एका गाडीच्या सबंध आयुष्यात तो मोजक्या वेळा करायचा. नित्य करायचं ते धुणं. आपण मात्र उलट वागतो. वर्षभर कोरडा फडका मारतो, बायको-मुलांवर, हाताखालच्या माणसांवर, स्वतःवरही, आणि मग सप्ताहात, चातुर्मासात, एखाद्या कडक अनुष्ठानात सगळं एकदम घासून काढायला बसतो. त्या घासण्याने तेज येतं हे खरं आहे, पण ते पातळ होत जाणाऱ्या थरावरचं तेज असतं. तेराव्या अध्यायात अहिंसा इतक्या आधी का आली आणि माऊली तिच्यावर इतका वेळ का थांबले, हे मला कामातून कळलं. रोजचा हात हलका असेल तर मोठ्या तपाची गरज क्वचित पडते, आणि पडलीच तर ते सोसण्याइतका थर माणसात शिल्लक असतो.