मुक्या लढाईला आवाज

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, कैलासाच्या मंडपाच्या दक्षिण अंगाला रामायणाचे पट कोरले आहेत. त्यांत वानर दगड वाहताहेत, सेतू बांधला जातो आहे. संभाजीनगरात पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच. दर वेळी वाटाड्या नवा, त्याचे संवादही नवे. दगड मात्र कुणाचाच शब्द खोडत नाही.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘सेतुबंधन’ची मला तिथे हटकून आठवण होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने भारतीय पडदा बोलका केला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलला, आणि त्याच वर्षी फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ आला तो मुका. पुढे त्याच चित्रफितीवर मागाहून आवाज चढवून तो १९३४ साली पुन्हा लोकांसमोर आणला. ओठ एकदा हलले, शब्द नंतर आले. याला मी फसवणूक म्हणणार नाही. लंकेवरची स्वारी प्रेक्षकाला आजीकडून कळलेली असते. उसना आवाज तिला फार वाकडे वळण देऊ शकत नाही.

माणसांनी खरोखर लढलेल्या युद्धाच्या चित्रपटाचे तसे नाही. हॉवर्ड ह्यूजने ‘हेल्स एंजल्स’ हा पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा चित्रपट मूक म्हणूनच सुरू केला होता. बोलपटांचे युग आले तशी त्याने संवादाची दृश्ये पुन्हा घेतली, नायिकाही बदलली. आकाशातली लढाई मात्र मूकच टिपलेली. तिच्यावर इंजिनांची घरघर आणि गोळ्यांचे आवाज चढवून १९३० साली चित्रपट लावला. ती उड्डाणे टिपताना वैमानिकांचे जीव गेले होते. आणि त्याच चित्रीकरणातली विमाने १९३२ च्या ‘स्काय डेव्हिल्स’ या विनोदी चित्रपटात पुन्हा उडवली गेली.

मला सलते ते हे. जुनी फीत वापरली म्हणून नव्हे. नवा बोलपट उभा करताना पैसा वाचवावा लागतो, हे समजते. पण ज्या दृश्यापायी माणूस गेला, ते त्याच्यापासून तोडून दुसऱ्याच्या हशाला जोडले, की मेलेल्याची शेवटची खूणही पुसली जाते.

आता फोनवर कुठल्यातरी युद्धाची चित्रफीत येते, खाली गाव आजचे लिहिलेले असते, मागे संगीत असते. पुढे पाठवण्याआधी मी आवाज बंद करतो आणि ती पुन्हा पाहतो. झाडे कुठली, पाट्यांवरची लिपी कुठली, धूर कुणाच्या घरावर आहे.