हात, वीज आणि जोखीम

घरी हौसेने लाकूडकाम करणाऱ्याकडे बहुधा विजेची दोनच अवजारे असतात : ड्रिल आणि जिगसॉ. त्यांनी घडवलेले स्टूल ‘स्वहस्ते’ केले, असे म्हणता येईल काय? डेव्हिड पाय या इंग्रज फर्निचर-रचनाकाराने ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ (१९६८) या ग्रंथात हात आणि यंत्र हा भेदच गौण ठरवला. त्याच्या मते खरा भेद जोखमीच्या आणि निश्चितीच्या कारागिरीत आहे. पहिलीत काम अखेरच्या क्षणीही बिघडू शकते; दुसरीत त्याचे रूप आधीच ठरलेले असते.

जिगसॉ चालते विजेवर, पण जाड सागवानात तिचे पाते वाकते. वर रेघेवर दिसणारा काप खाली गुण्यात राहत नाही. कडेला पट्टी आवळून बसवली, तरी जोखीम घटते, संपत नाही. अवजारे मोजकी असली की निश्चिती विकत मिळत नाही, ती अवधानाने कमवावी लागते. म्हणून त्या स्टुलावरचा हौशी माणसाचा हक्क मला मान्य आहे. मात्र या टंचाईचे गोडवे सुतारापुढे गाऊ नयेत. त्याच्या लेखी वाकडा काप म्हणजे वाया गेलेली फळी आणि बुडालेली मजुरी. हौशी माणूस त्याच फळीचे आखूड फडताळ करतो.