वाणीचं तप आणि आजी-आजोबांची ६० वर्षं

आजचा श्लोक गीतेच्या १७व्या अध्यायातला १५वा. भगवंत वाणीचं तप सांगतात: बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. जोडीला स्वाध्याय.

परवा माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाला ६० वर्षं झाली. पाहुणे म्हणत होते, "आजींनी कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून संसार टिकला." मला हे पटत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं आजी सासऱ्यांसमोर बोलतच नसे, कारण तशी रीतच होती. त्याला तप कसं म्हणायचं? गीतेत मौन येतं ते पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात, मनाची प्रसन्नता आणि सौम्यता यांच्या पाठोपाठ. धाकाने गप्प बसणं त्यात बसत नाही.

मला तप दिसतं ते नंतरच्या एका प्रसंगात. आजोबांनी शेत गहाण ठेवायचं ठरवलं. आजी चारचौघांत काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "अहो, हे नका करू. पोरांच्या शिक्षणाचं काय?" खरं होतं, हिताचंही होतं. प्रिय? अजिबात नाही! आजोबा दोन दिवस घुम्यासारखे होते, पण सही केली नाही. त्यातलं निम्मं तप मी आजोबांच्या खात्यावर टाकतो, ऐकून घेतल्याबद्दल.

आमच्याकडे पैशाचे निर्णय अजूनही रात्री जेवणानंतर, नवरा-बायकोने बसूनच होतात. माझ्या फ्लॅटच्या लोनचाही तसाच झाला. बायको "इतक्यात नको" म्हणाली. सध्या भाड्यानेच राहतोय.